पैसे भरून घेतलेलं टास्क ॲप आणि त्याला न समजणारी ३१ तारीख

मार्चचं बिल तीन दिवसांच्या कामाशिवाय गेलं. मी तासांवर काम करते. महिना संपला की तास भरायचे आणि बिल पाठवायचं, यासाठी टास्क ॲपमध्ये ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असं रिपीट लावून ठेवलं होतं. मार्चमध्ये ते २८ तारखेला समोर आलं. त्या आठवड्यात दुसरं मोठं काम अंगावर होतं, त्यामुळे यादीत जे आलं ते उरकलं: तास भरले, बिल पाठवलं, टिक केली. समोरची मंडळी महिन्याला एकच बिल घेतात, म्हणून शेवटच्या तीन दिवसांचे पैसे एक महिना लांबले. ॲप फुकटातलं असतं तर मी काढून टाकून गप्प बसले असते. पण वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलं आहे आणि ते भरलं मुळात रिपीट आणि रिमाइंडरसाठीच, कारण फुकटच्या आवृत्तीत दोन्ही अर्धवट मिळतात.

इनबॉक्स, प्रोजेक्ट, टॅग, बोर्ड, कॅलेंडर व्ह्यू हे सगळं यात आहे. अशा प्रत्येक ॲपमध्ये असतं, त्यात वेळ घालवत नाही. अनेक महिने रोज वापरल्यावर काय टिकलं आणि काय डोकं फिरवून गेलं, ते लिहिते.

तारीख कशी घसरली हे आधी सांगते. काम ३१ ऑक्टोबरला सुरू केलं होतं. नोव्हेंबरला ३१ नाही, म्हणून ॲपने ३० धरली. इथपर्यंत ठीक. डिसेंबरला ३१ असूनही ते ३० लाच आलं. जानेवारीतही ३०, फेब्रुवारीत २८ आणि मार्चमध्ये पुन्हा २८. म्हणजे पुढची तारीख काढताना हे ॲप मी दिलेला नियम बघतच नाही. मागच्या वेळची तारीख घेतं आणि तिच्यात एक महिना मिळवतं. एकदा खाली आलेली तारीख मग कधीच वर चढत नाही. डिसेंबर-जानेवारीत फरक एकाच दिवसाचा होता, तेव्हा काम दुसऱ्या दिवसावर ढकलून भागलं. फेब्रुवारीत तर २८ हाच शेवटचा दिवस, त्यामुळे सगळं बरोबर चाललंय असंच दिसत होतं.

यात नव्याने शोधून काढण्यासारखं काहीच नव्हतं. कॅलेंडरची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठी आयकॅलेंडर नावाचं मानक १९९८ पासून आहे. आधी ते आरएफसी २४४५ होतं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), २००९ मध्ये आरएफसी ५५४५ म्हणून सुधारून आलं. महिन्याचा शेवटचा दिवस सांगायची त्यात साधी सोय आहे: दिवसाच्या जागी उणे १ लिहायचं. शेवटून दुसरा हवा तर उणे २. आणि कुणी ३१ च लिहिलं असेल तर ज्या महिन्यात ती तारीख नाही तो महिना गाळायचा, असंही त्यात स्पष्ट दिलं आहे. गाळणं मला सोयीचं नाही, पण निदान पुढच्या महिन्यात तारीख आपल्या जागी परत येते. २०१५ च्या आरएफसी ७५२९ मध्ये तर असा दिवस सापडला नाही तर काय करायचं हेही निवडता येतं: सोडून द्या, मागे घ्या किंवा पुढे न्या. वर्षातल्या पाच महिन्यांना ३१ तारीख नसते. ही क्वचित येणारी अडचण नव्हे. पगार, भाडं, हप्ता, हिशेब, अहवाल, माणसाची किती कामं महिनाअखेरीला बांधलेली असतात!

सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर: कॅश साफ करा, ॲप काढून पुन्हा टाका. केलं, फरक शून्य. दुसरं उत्तर वेगळ्याच व्यक्तीकडून आलं: फोनचा टाइम झोन तपासा. टाइम झोन चुकला तर एखादा दिवस इकडेतिकडे होईल, तीन दिवस कसे होतील? मग मी महिन्यांचा तक्ता करून पाठवला, अपेक्षित तारीख आणि प्रत्यक्षात आलेली तारीख शेजारी-शेजारी. त्यावर उत्तर आलं की ॲप अपेक्षेप्रमाणेच चालतंय. या उत्तराचा मला खरा राग आला. चूक आहे, यादीत घेतली आहे, वेळ लागेल, एवढं म्हणाले असते तर मी थांबले असते. ज्याने ३१ लिहिलं त्याला २८ कशी अपेक्षित असेल?

एवढ्याशा बगवर इतकं का, असं कुणी विचारेल. त्याचं कारण आहे. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचं २०११ मधलं संशोधन आहे. अर्धवट राहिलेलं काम दुसरं काही करताना डोक्यात घुटमळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की ते घुटमळणं कमी होतं, काम अजून झालेलं नसलं तरी. माझा अनुभव तंतोतंत हाच आहे. ॲपमध्ये टाकलं की मी ते खरंच विसरते आणि त्या विसरण्यासाठीच पैसे भरते. ते वेळेवर परत येईल ही खात्री असेल तोवरच हे चालतं. मार्चनंतर मी प्रत्येक मासिक काम स्वतः तपासायला लागले. मग यादी डोक्याबाहेर ठेवून उपयोग काय?

रिपीटमधली दुसरी गोष्ट मात्र यांनी चांगली केली आहे. काही कामं तारखेला बांधलेली असतात, काही मागच्या वेळेला. पाण्याचा फिल्टर तीन महिन्यांनी बदलायचा म्हणजे मागच्या वेळी बदलला तिथून तीन महिने. मी तो पंधरा दिवस उशिरा बदलला, तर पुढची वेळही पंधरा दिवस पुढे जायला हवी. बिलाचं तसं नाही, ते उशिरा पाठवलं म्हणून पुढचं उशिरा जाऊन चालत नाही. ऑर्ग-मोड या कामांच्या याद्या ठेवायच्या जुन्या, फुकट आणि दिसायला रूक्ष साधनात यासाठी तीन वेगळी चिन्हं आहेत. + म्हणजे ठरलेल्या तारखेत एकच टप्पा मिळवा. ++ म्हणजे टप्पे मिळवत पहिल्या भविष्यातल्या तारखेपर्यंत या. आणि .+ म्हणजे काम पूर्ण केलं त्या दिवसापासून मोजा. माझ्या ॲपमध्ये पहिला आणि तिसरा प्रकार आहे, मधला नाही. त्यामुळे आठवडाभर यादी उघडली नाही तर रोजचं काम तितक्याच वेळा टिक करत आजपर्यंत यावं लागतं. तरी ‘पूर्ण केल्यापासून’ हा पर्याय घरातल्या कामांसाठी फार उपयोगी पडला. पूर्वी लाल रंगात मुदत टळलेली दिसणारी निम्मी कामं प्रत्यक्षात मुदत टळलेली नव्हतीच, चुकीच्या प्रकारात बसवलेली होती.

रिमाइंडर उशिरा वाजण्याबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला सगळा दोष ॲपचा वाटत होता. पण अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून राहिला की बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली कामं एकत्र करून मागे ढकलली जातात. ठरल्या मिनिटाला वाजायचं तर ॲपला ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ ही वेगळी परवानगी लागते आणि अँड्रॉइड १४ पासून बहुतेक नव्या ॲपना ती आपोआप मिळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केल्यावर आठवणी वेळेवर यायला लागल्या. पण ही परवानगी मागणं हे ॲपचं काम होतं. रिमाइंडरचे पैसे घेता, मग पहिला रिमाइंडर लावतानाच एक चौकट दाखवायला काय हरकत होती?

आता मनापासून आवडलेली गोष्ट. सुरुवातीची तारीख. काम जूनमध्ये करायचं असेल तर ‘१ जूनपासून दाखव’ असं सांगता येतं, तोवर ते यादीत, मोजणीत, शोधात कुठेही येत नाही. घेताना मी याकडे लक्षही दिलं नव्हतं, वापरता वापरता हीच सगळ्यात मोठी सोय ठरली. शेवटची तारीख कामाला घाई लावते. सुरुवातीची तारीख ते काम आज बघू नकोस असं सांगते, आणि मला गरज त्याचीच जास्त होती. प्राधान्याचे चार रंग मी बंद करून टाकले. काम महत्त्वाचं आहे की नाही आणि तातडीचं आहे की नाही, यावरून पाडलेले चार चौकोन कागदावर छान दिसतात, पण महिन्याभरात माझं सगळं पहिल्याच चौकोनात जाऊन बसलं होतं. आज जे करायचं नाही ते डोळ्यांआड गेलं की उरलेली यादी आपोआप लहान होते, तिला रंग लागत नाहीत.

मराठीत कामं लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘दर सोमवारी’ असं लिहून तारीख लागत नाही, ती हाताने निवडावी लागते. त्याहून त्रासदायक म्हणजे शोध. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, आतून कोड वेगळे, पडद्यावर दिसायला सारखेच. फोनच्या कीबोर्डने एका प्रकारे लिहिलेलं काम संगणकावरच्या कीबोर्डने शोधलं तर सापडत नाही. ‘पुढच्या’, ‘नव्या’ चालतात, ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ अडकतात. सोपा उपाय म्हणजे टॅगच्या नावात ‘ऱ्य’ हे जोडाक्षर येऊ द्यायचं नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि नवी आवृत्ती आली. मासिक रिपीटमध्ये आता ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ हा पर्याय आहे. करून पाहिलं: फेब्रुवारीची २८, मग मार्चची ३१, एप्रिलची ३०. बरोबर चालतो. यासाठी त्यांना पूर्ण गुण, आणि ‘अपेक्षेप्रमाणेच चालतंय’ या उत्तरावरचा माझा राग आता बराच कमी झाला आहे. पण जुनी कामं आपोआप सुधारली नाहीत. जी २८ वर घसरली होती ती २८ वरच आहेत, आणि त्याबद्दल ॲपमध्ये कुठेही सूचना नाही. २९, ३० किंवा ३१ तारखेची मासिक कामं असतील तर एकेक उघडून नियम नव्याने लावा. २९ आणि ३० साठी अजूनही तीच घसरण आहे, ती सुरू फक्त फेब्रुवारीत होत असली तरी. तिथे नवा पर्याय कामाचा नाही, कारण ३० म्हणजे शेवटचा दिवस नव्हे.

सबस्क्रिप्शनचं आपोआप नूतनीकरण मी बंद केलं आहे आणि त्याचं कारण आता तारीख नाही, एक्सपोर्ट आहे. सगळी यादी बाहेर काढून पाहिली तर कामाचं नाव, प्रोजेक्ट, पुढची तारीख एवढंच मिळालं. रिपीटचा नियम नाही, सुरुवातीची तारीख नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी मी हे ॲप ठेवलं, त्याच इथून नेता येत नाहीत. ही भीती हवेतली नाही. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं ॲप किती लोकप्रिय होतं! २०१५ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद झालं. तिथे निदान त्याच कंपनीच्या दुसऱ्या ॲपमध्ये यादी नेण्याची सोय दिली होती. लहान कंपनी बंद पडली तर तेवढंही मिळेलच असं नाही.

रिपीटचे नियम आयकॅलेंडरच्या फाइलमध्ये द्या, असं सपोर्टला लिहिलं आहे. वर्षाचे पैसे पुन्हा भरायचे की महिन्याचं घेऊन भागवायचं हे त्या उत्तरावर ठरेल. तोवर महिनाअखेरीची कामं मी फोनच्या कॅलेंडरमध्येही लिहून ठेवली आहेत, प्रत्येक महिन्याची वेगळी नोंद करून.