लेकीच्या बाळंतपणासाठी घेतलेला गायगर काउंटर

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. पण नाशिकच्या विहीणबाई म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. पण तुमचं बोईसर म्हणजे तारापूरच्या अणुभट्टीच्या दारात. पोटातल्या बाळाला काही झालं तर?" मला राग नाही आला. सत्तावीस वर्षं मी इथे राहतेय, दोन्ही मुलं इथेच वाढवली, पण 'काही होत नाही' म्हणायला माझ्याकडे तरी कुठे पुरावा होता? म्हणून साडेआठ हजारांचा हा मुठीत मावणारा, किरणोत्सर्ग मोजणारा काउंटर मागवला.

आत वायूने भरलेली काचेची नळी आहे. किरण त्यात शिरला की 'टिक्' वाजतं आणि तासाला किती मायक्रोसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या किरणांचं माप) तो आकडा पडद्यावर येतो. पहिल्या दिवशी मी घाबरलेच. चालू केलं तर ०.०६, लगेच ०.१९, परत ०.०८! मुलाने समजावलं की किरण असेच अवचित येतात, क्षणाचा आकडा धरायचा नाही. निदान दहा मिनिटं मोजू द्यायचं, जमलं तर अख्खा दिवस. माहितीपत्रकात याचा एक शब्द नाही, आणि हा मला या यंत्राचा सगळ्यात मोठा दोष वाटतो. धास्तावलेली माणसंच हे विकत घेणार, त्यांना हे पहिल्याच पानावर सांगायला नको?

मग देवघराशेजारच्या फळीवर चोवीस तास ठेवलं. दिवसभराची बेरीज २.६ मायक्रोसिव्हर्ट. डोहाळजेवणाला नाशिकला गेलो तेव्हा विहीणबाईंच्याच स्वयंपाकघरात ठेवलं, तिथे २.७. म्हणजे दोन्ही घरांत वर्षाकाठी एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्टपेक्षा थोडं कमीच, तेही माती, भिंती आणि आकाशातून येणारं. श्वासातून जाणारा रेडॉन हा जमिनीतला किरणोत्सारी वायू, अन्न सगळं धरून जगाची सरासरी वर्षाला साधारण दोन ते तीन मिलिसिव्हर्ट धरतात.

विहीणबाईंचं तरी समाधान होईना. तेवढ्यात जावयांनी माळ्यावरून आजोबांची गॅसबत्ती काढली. सोबत मेंटलचं, म्हणजे ज्योतीवर बसवायच्या जाळीचं, जुनं, पिवळं पडलेलं पाकीट. त्याला यंत्र टेकवलं आणि टिकटिकीची नुसती सर लागली, आकडा चारच्या पुढे! उजेड पांढराशुभ्र पडावा म्हणून या मेंटलमध्ये थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य घालत. विहीणबाई दोन पावलं मागे सरल्या. मी यंत्र हातभर लांब नेलं, आवाज जवळजवळ पहिल्यासारखा झाला. मग त्यांनीच ते माझ्या हातातून घेतलं, जवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं. "लग्नात मी हीच बत्ती पेटवायचे," म्हणाल्या.

मेंटलपाशी दिसलेला तो चारचा आकडा मात्र काटेकोर मानू नका. या यंत्राचं माप किरणोत्सारी सीझियमच्या गॅमा किरणांवर बेतलेलं असतं, मेंटलमधून बीटा या दुसऱ्या जातीचे किरणही येतात. अल्फा किरण याला कळतच नाहीत. मासळीत, दुधात काही उतरलंय का, हेही याने समजणार नाही. ते काम प्रयोगशाळेचं. तारापूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची तशी प्रयोगशाळा आहे, तिथे आसपासचं पाणी, दूध, मासे तपासतात. आणि रात्री कधीकधी आमच्याकडे रसायनांचा जो उग्र वास सुटतो, घसा धरतो, तेव्हाही पडद्यावर आपलं ०.११च. माझ्या नातवंडासाठी मला त्या वासाची काळजी जास्त वाटते, हे मी विहीणबाईंनाही सांगितलं.

त्यांनी चेर्नोबिल आणि फुकुशिमाचंही विचारलं. खरं तेच बोलले: हे यंत्र आजचं सांगतं, उद्याच्या अपघाताचं नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या, देशातल्या वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांत सगळ्यात जुन्या. त्यांच्यावर कडक नजर हवी, हे मलाही मनापासून वाटतं.

वस्तू म्हणून काउंटर चांगला आहे. बॅटरी आठवडाभर टिकते, पडदा चष्म्याशिवाय वाचता येतो. धोक्याचा गजर मात्र ०.५०लाच लावून येतो. मुलगा दिल्लीला जाताना विमानात तो वाजला आणि शेजारचे प्रवासी दचकले. उंचावर एवढा आकडा नेहमीचाच, तेव्हा प्रवासात गजर बंद ठेवा.

लेक पुढच्या सोमवारी येतेय. विहीणबाईंनी एकच सांगून पाठवलंय, यंत्र तिच्या खोलीत उशाशी राहू द्या. कालच नवीन बॅटरी घालून ठेवलं.