सेमी-रिकम्बंट सायकल घ्यावी का? पाम बीचच्या सपाट रस्त्यासाठी हो, येऊरच्या चढासाठी नाही

नवी मुंबईत, नेरूळला आमच्या सोसायटीत पन्नाशीनंतर पुन्हा सायकल घेऊ पाहणारे मला हटकून विचारतात, सिग्नलला पाय टेकतील ना? या प्रश्नाला सेमी-रिकम्बंटइतकं, म्हणजे बुटकी सीट आणि पुढे पेडल असलेल्या सायकलीइतकं, चांगलं उत्तर दुसऱ्या कुठल्याच सायकलकडे नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

हायब्रिड (सरळ हँडलची, शहरात चालवायची सायकल) असो की दूधवाल्याची काळी सायकल, पेडल जवळपास सीटच्या खालीच असतं. पाय खाली गेल्यावर गुडघ्यात जेमतेम बाक उरेल इतकी सीट वर घेतली, तर थांबल्यावर फक्त चवडे टेकतात. टाचा टेकाव्यात म्हणून सीट खाली घेतली की गुडघा प्रत्येक फेरीत नको इतका दुमडतो आणि वाटीभोवती दुखायला लागतं. सेमी-रिकम्बंटमध्ये क्रँक, म्हणजे पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, सीटच्या बराच पुढे असतो. त्यामुळे पाय पुढच्या बाजूला पुरता लांब होतो, सीट मात्र बुटकीच राहते. ब्रेक दाबला की दोन्ही तळवे जमिनीवर, सीटवरून उठायचंही नाही. ज्यांना तोल जाण्याची धास्ती आहे, त्यांनी एवढ्यासाठीसुद्धा ही घ्यावी.

दुसरा फायदा हातांचा. हायब्रिडवर सीवूड्सहून वाशीला पोहोचेपर्यंत माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, कारण तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली जाते. सेमीचं हँडल उंच आणि जवळ, पाठ जवळजवळ ताठ. घेतल्यापासून एकदाही बोटं झटकावी लागलेली नाहीत. पण हातांवरचा तो भार सीटवर येतो. खड्डा दिसला की साध्या सायकलवर आपण पेडलवर उभं राहून धक्का गुडघ्यांत जिरवतो. इथे पाय पुढे असल्याने ते जमत नाही. पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिस रोडवर हे कंबरेला चांगलंच जाणवतं. रुंद टायर आणि स्प्रिंगची सीट नसेल तर घेऊच नका.

वेगाबद्दल एक गैरसमज आहे. पूर्ण रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून, पाय समोर पसरून चालवायची सायकल, सपाटीवर खरोखर वेगवान असते, कारण ती वारा कमी अडवते. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोरने शार्ल मोशेच्या अशा सायकलवर तासात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने तिला शर्यतींतून बाद केलं. सेमीला यातलं काही मिळत नाही. ताठ बसल्यामुळे संध्याकाळी वाशीकडे जाताना वारा थेट छातीवर येतो. तरीही आपल्या रहदारीत मी पूर्ण रिकम्बंट कुणाला सुचवणार नाही. बसच्या बाजूला इतक्या खाली बसणं मला धोक्याचं वाटतं. सेमीवर आपलं डोकं रिक्षावाल्याला नीट दिसतं, मागे वळून पाहणंही सोपं.

चढ हा मात्र हिचा खरा कच्चा दुवा. उभं राहून पेडलवर वजन टाकता येत नाही, सगळं मांड्यांनीच ओढायचं. ठाण्यात उपवनहून येऊरच्या डोंगरावर निघालो आणि गेटच्या पुढे थोड्याच अंतरावर उतरून ढकलत गेलो. हायब्रिडवर तोच चढ दम लागला तरी न उतरता पार व्हायचा. रविवार येऊरला किंवा पारसिक हिलवर घालवायचा असेल तर गिअरची हायब्रिडच घ्या. उड्डाणपुलांपुरता चढ हलक्या गिअरवर निघतो.

दुकानात सहज मिळणारी ही वस्तू नाही, तेव्हा घेण्याआधी चेनची लांबी विचारा. नेहमीची ११६ कड्यांची चेन काही मॉडेलना अपुरी पडते आणि जोडून घ्यावी लागते. आणि लिफ्ट मोजा. दोन चाकांतलं अंतर जास्त असल्याने माझी आमच्या लिफ्टमध्ये आडवी मावत नाही, पुढचं चाक उचलून उभी करावी लागते.