गंजगोलाईजवळची भाकरीवाली खानावळ : पाचपैकी चार, एक स्टार भातासाठी कापला

आधीच सांगतो, या खानावळीला नाव आहे पण पाटीवरचा रंग असा उडालाय की नुसतं 'भोजनालय' एवढंच वाचता येतं, आणि तसंही सगळे मावशीची खानावळच म्हणतात. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातला नेमका कुठला धरायचा हे माझंही पहिले दोन-तीन वेळा चुकलंय. भांड्यांच्या दुकानांची ओळ संपली की कुणालाही विचारा. माझं मुरुडला कृषी सेवा केंद्र आहे, माल भरायला महिन्यातून दोनदा तरी लातूरला चक्कर असते, आणि गेली तीन-चार वर्षं दुपारचं जेवण इथंच.

थाळी ९० रुपये. ज्वारीची भाकरी, एक पातळ भाजी, एक सुकी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, लिंबू आणि शेवटी भात. भाताबद्दल काय बोलू, गिचका असतो, रोज असतो, मालकाला सांगून झालं, 'हो हो बघतो' म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच गिचका. वांग्याची भाजी चांगली. स्टीलच्या ग्लासाला कधीकधी वास येतो, तेवढं धुवून घ्या. पण लोक इथं येतात ते भाकरीसाठी. मागं पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवर मावशी एकट्या भाकरी थापतात, वय साठीच्या पुढं असेल, बाहेर कधी येत नाहीत, पैसे मालक घेतो, वाढायला दोन पोरं, त्यामुळं भाकरी कुणी केली हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीतच नसतं.

आता आपल्याकडं कसंय, जेवण आवडलं तर तोंडानं सांगायची पद्धत नाही. 'बरं हाय' म्हणलं की समजायचं एक नंबर, आणि फारच आवडलं तर अजून एक भाकरी मागायची, तेच सर्टिफिकेट. माझे वडील आयुष्यभर आईच्या हातचं जेवले, मीठ कमी पडलं तर लगेच सांगायचे आणि बाकी दिवस गप. मीही तसलाच. पण एकदा कसा कोण जाणे हात धुवायला मागं गेलो आणि शेडच्या दारात उभा राहून बोलून गेलो, "मावशी, भाकरी लई भारी झाली, पापुद्रा असा सुटलाय, शेवटच्या घासापर्यंत मऊ होती बघा."

मावशींचा हात काठवटीतच थांबला. "काय वो भाऊ, पीठ ताजं हाय, कालच दळून आणलंय," म्हणल्या आणि चुलीकडं वळल्या. मला वाटलं झालं, उगीच बोललो, बाईला अवघडल्यासारखं झालं. पण मी दोन पावलं गेलो तर मागून आवाज आला, "कड करपली न्हवती ना?" म्हणजे अजून ऐकायचं होतं! बिल देताना मालक म्हणाला, तुम्ही काय बोललात हो आत, मावशी गाणं गुणगुणायला लागल्यात.

माझी पुतणी संभाजीनगरला मानसशास्त्रात एमए करतेय, तिला हे सांगितलं तर म्हणाली काका यावर चक्क अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स या दोघींनी लोकांना अनोळखी माणसाचं कौतुक करायला पाठवलं, जायच्या आधी विचारलं समोरच्याला किती बरं वाटेल, आणि नंतर खुद्द समोरच्याला विचारलं. २०२१ साली छापून आलंय ते. कौतुक करणाऱ्यांचा अंदाज कमीच निघाला, समोरच्याला त्याहून जास्त बरं वाटलं होतं, आणि आपण बोललो तर तो वैतागेल ही भीतीसुद्धा उगाच मोठी धरलेली. जपानात २००८ साली मेंदूचे फोटो काढून बघितलं तर पैसे मिळाल्यावर जो भाग जागा होतो तोच कौतुकानंही जागा होतो म्हणे. हे मी मालकाला सांगणार नाही, नाहीतर तो मावशींचा पगार कौतुकातच द्यायचा.

असो. त्यानंतर मला चटकच लागली. दर वेळी जाताना शेडमध्ये डोकवायचं आणि काहीतरी बोलायचं. मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढायचं आणि माझ्या ताटात न मागता चौथी भाकरी यायची. इथंच गडबड झाली. एकदा घाईत होतो, गाडीत बियाण्याच्या पिशव्या होत्या, आमटीला हातही लावला नव्हता, आणि निघता निघता सवयीनं बोलून गेलो, "आमटी आज एकदम झकास!"

मावशी पळी घेऊन दारात आल्या. "खरं सांगा भाऊ, चाखली का?"

"हो की."

"आज मीठच टाकायचं राहिलंय. आत्ताच पोरगं सांगून गेलं."

सगळी खानावळ हसली, मीही हसलो. मावशी नाही हसल्या. हळूच म्हणल्या, "मग भाकरीचंबी असंच म्हणलालाव का इतके दिवस?"

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून बघितली आणि नामदेवांना कच्चं मडकं म्हटलं, ही गोष्ट आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवशी माझं मडकं वाजलं. आधी मनापासून जे जे बोललो होतो तेही सगळं एका बिनमिठाच्या आमटीत बुडालं. शपथ घेऊन उपयोग नव्हता, जितकं पटवायला जावं तितकं हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यासारखंच वाटणार. पुढचे दोन-तीन खेप मी गप जेवलो, गप निघालो, चौथी भाकरीही बंद झाली.

मग पावसाळ्यात एकदा भाकरी ताटात आली ती कडेला चिरलेली, तोडली की भुगा. दारात जाऊन म्हणलो, "मावशी, आज पिठाची विरी गेलीय." वाटलं आता पळी डोक्यात बसते. तर बाई खळखळून हसल्या. "बरोबर वळखलंत! आठ दिसाचं पीठ हाय, गिरणी बंद व्हती. सकाळपासून शंभर माणसं जेवून गेली, एकानं सांगितलं न्हाई." आणि जरा थांबून, "म्हंजी तवाचं खरंच म्हणला व्हता तुम्ही." तेव्हापासून चौथी भाकरी परत चालू.

एक गोष्ट अजून लिहितो, ती माझ्याबद्दल नाही. कोचिंगची पोरं इथं महिनेवारीवर जेवतात, नीटवाली, जेईईवाली, कुठून कुठून आलेली. त्यात देगलूरकडचा एक पोरगा होता, खाली मान घालून जेवायचा, टेस्टमध्ये मार्क कमी पडले होते असं पोरं म्हणायची. एक दिवस तो ताट ठेवायला मागं गेला तर मावशी म्हणल्या, "बाळा, तू ताटात एक शीत टाकत न्हाईस रे. मी रोज बघलालेव. तुझ्या आईनं लई चांगलं वळण लावलंय." २०१६ ला ज्या गावात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि याच खानावळीत ताटं धुवायला पाणी नाही म्हणून पत्रावळ्या आल्या होत्या, तिथं असं ताट भांडी घासणाऱ्याच्याच डोळ्यांत भरणार. पोरगा काही बोलला नाही. मी बाहेर गाडी काढत होतो तर तो रस्त्याच्या कडेला फोनवर, "आई, खानावळीतल्या मावशी तुझं नाव काढत होत्या." दोनदा सांगितलं त्यानं, बहुतेक पलीकडं पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसावं.

तर जायचं असेल तर साडेबाराच्या आत जा, एकनंतर कोचिंग सुटतं आणि जागा मिळत नाही. पार्किंग नाही, गाडी गोलाईच्या बाहेरच लावा. ऑनलाईन पेमेंट चालतं पण नेट गेलं की मालक तोंड वाकडं करतो, सुट्टे ठेवा. भात घेऊ नका, त्याऐवजी भाकरी आमटीत कुस्करून खा. आणि मागं डोकावणार असाल तर चप्पल बाहेर काढा आणि आमटी आधी चाखा, मावशी विचारतात.