ड्रेनेज लाईनची कॅमेरा तपासणी: काय दिसलं, काय नाही

पाईपात कॅमेरा घालून लाईनची तपासणी करून देणारी सेवा आम्ही घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. काम आवडलं, बोलणं नाही.

ही सेवा प्रत्येकाला लागत नाही. एकच बेसिन तुंबत असेल तर खालचा बॉटल ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा बाटलीसारखा भाग) उघडा, केसांचा आणि साबणाचा गोळा काढा, विषय संपला. न वापरलेल्या बाथरूममधून घाण वास येत असेल तर नहाणी ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की लाईनचा गॅस सरळ घरात येतो. पाणी ओतून वास गेला तर कोणाला बोलवू नका.

आमच्याकडे प्रकार वेगळा होता. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की तळमजल्याच्या नहाणीतून फेस वर यायचा आणि वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या कमोडमध्ये गुडगुड. पाणी एकीकडे सोडलं आणि दुसरीकडून वर आलं, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक लाईनमध्ये. आणि तुंबलेलं पाणी सगळ्यात खालच्या तोंडातूनच आधी बाहेर पडतं, त्यामुळे तळमजल्याची नहाणी ही घरातली सगळ्यात खरं बोलणारी जागा. लाईनवरच्या चेंबरची, म्हणजे तपासणीच्या खड्ड्यांची, झाकणं उघडली तेव्हा घराजवळचं चेंबर काठोकाठ आणि पुढचं जवळजवळ कोरडं. म्हणजे अडथळा या दोनांच्या मधे. (झाकण उघडताना वाकून आत बघू नका आणि आत कोणालाही उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड हा गटारातला विषारी वायू जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो, त्यामुळे ‘वास तर येत नाही’ यावर विसंबायचं नसतं.)

एवढं कळल्यावर कॅमेरा मागवला. आलेल्या मुलाचा पहिला प्रश्न मला फार आवडला: "ताई, लाईनमध्ये ॲसिड किंवा पावडर ओतलीय का?" चोकअप काढायची ती औषधं पाईपात साचून राहतात आणि लाईन मोकळी करायचं मशीन फिरवताना काम करणाऱ्याच्या अंगावर, डोळ्यांत उडतात. आम्ही ओतली नव्हती. पण हा प्रश्न न विचारता मशीन लावणाऱ्यांपासून लांब राहा.

पुढे मात्र गडबड. भरलेल्या पाईपात कॅमेरा सोडला, स्क्रीनवर नुसतं तपकिरी पाणी, आणि त्यावरच रिपोर्ट लिहायची तयारी! तुंबलेल्या लाईनमध्ये कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आधी जेटिंग करून, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारून, ती मोकळी करावी लागते. त्याचे पैसे वेगळे, हे फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. माझी मुख्य तक्रार हीच.

जेटिंगनंतरचं चित्र मात्र लख्ख. जुन्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाईपाच्या एका जॉइंटमधून बारीक मुळांचा झुपका आत आलेला, पाण्याच्या धारेत केसांसारखा हलत होता. अजून थोडं पुढे कॅमेऱ्याची अर्धी काच पाण्याखाली गेली, काही अंतर तशीच राहिली आणि मग वर आली. तिथे लाईन बसली होती, म्हणजे खचून खोलगट झाली होती. चार इंची पाईपाला साधारण 40 फुटांना 1 फूट ढाळ दिला तर पाण्याबरोबर मैलाही वाहून जातो. बसलेल्या जागी पाणी थांबतं, तेलकट गाळ आणि कागद तिथेच ठरतो. मुळं कापता येतात, जॉइंट बंद केला नाही तर परत येतात. बसलेली लाईन मात्र कितीही साफ केली तरी सरळ होत नाही, तेवढा तुकडा उकरून नव्याने टाकावाच लागतो.

"पूर्ण लाईनच बदलून टाका," असा सल्ला लगेच आला. मी कॅमेरा हळूहळू मागे ओढायला लावला, प्रत्येक दोषाशी स्क्रीनवरचा मीटरचा आकडा टिपला आणि रेकॉर्डिंग पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हवर घेतलं. कॅमेऱ्याच्या तोंडाशी सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर असतो, बहुतेक 512 हर्ट्झचा. वरून तो सिग्नल पकडणारा रिसीव्हर फिरवून त्या मुलाने फरशीवर खडूने दोन फुल्या मारल्या. या सेवेत पैसे वसूल होतात ते या फुल्यांमुळे. त्या नसत्या तर अख्खं अंगण उखडलं असतं. आमच्या प्लंबरने फक्त तेवढंच खणलं आणि दोन्ही ठिकाणी दोष नेमका खुणेखाली सापडला.

उणीव आणखी एक. गुडगुड व्हेंट पाईप (लाईनला हवा देणारा, गच्चीवर उघडणारा पाईप) बंद असला तरी येते, पण गच्चीवर जाऊन बघायची तसदी त्या मुलाने घेतली नाही. मीच गेले. जाळी साफ होती. भिंतीच्या ओलीबद्दलही विचारलं होतं, त्यावर त्याने "कॅमेऱ्यात तडा दिसत नाही" एवढंच सांगितलं. बारीक गळती कॅमेऱ्यात दिसेलच असं नाही. त्यासाठी पाईपाचं खालचं तोंड बंद करून, पाणी भरून पातळी उतरते का ते बघावं लागतं. ते काम यांच्या यादीत नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा कॅमेरा फिरवायला सांगितला, तर ती नवी व्हिजिट धरली. तरी घेतली. नवा पीव्हीसीचा तुकडा जुन्या पाईपाला जोडताना ढाळ चुकला तर ते माती लोटण्याआधीच कळायला हवं होतं.