फियाट पॅलिओ 1.6 जीटीएक्स: घरच्या पार्किंगमध्ये नव्यानं बांधली, तिन्ही ऋतू चालवली

आधी निकाल सांगते. जुनी स्पोर्टी गाडी घरी नव्यानं बांधायची असेल तर पैसे रबर, ब्रेक आणि कूलिंगवर घाला. ताकद वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी, आणि गाडी पॅलिओ 1.6 असेल तर तो करूच नका. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर गाडी रस्त्यावर आणली, आता उन्हाळा सरत आलाय. एवढ्या वापरानंतर हे मत पक्कं झालंय.

ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं. पॅलिओ आपल्याकडे सप्टेंबर 2001 मध्ये आली. चेहरा जॉर्जेटो जुजारोच्या हातचा, बांधणी कुर्ल्याच्या कारखान्यातली. रस्त्यावर जास्त दिसायची ती 1.2 लिटर इंजिनाची. मात्र 1.6 मध्ये 1596 सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन होतं आणि 100 हॉर्सपॉवर. टनभर वजनाच्या हॅचबॅकमध्ये एवढं त्या काळी दुर्मीळच. कागदावर तिला कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. त्र्यंबक रोडला अंजनेरी ओलांडून तिसऱ्या गिअरमध्ये सोडली की हा वाद मिटतो.

माझी गाडी 2003 ची, एमएच 15, म्हणजे आमच्या नाशिकचीच. पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये कित्येक वर्षं नुसती उभी होती. कोरड्या शेडमुळे पत्रा शाबूत राहिला, गंज जवळजवळ नाहीच. वायरिंग मात्र उंदरांनी खाल्लेलं आणि रबर म्हणावं असं काही उरलेलं नव्हतं. मी ती घेतली ती पत्रा बघून. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं घरी उघडता येतं. सडलेला सांगाडा पार्किंगमध्ये नीट होत नाही.

काम पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्येच झालं. जोडीला शेजारचे काका, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. हत्यारं म्हणाल तर चांगला ट्रॉली जॅक, चार भक्कम घोड्या (उचललेली गाडी धरून ठेवणारे स्टँड), बॉक्स पान्ह्यांचा संच, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना). टॉर्क रेंचला पर्याय नाही, तो घेतल्याशिवाय हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, हात लावू नये. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका. घोडी लागलीच पाहिजे.

इंजिनाचं थोडक्यात उरकते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं तर चारही सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत आला. म्हणून खालचा भाग उघडलाच नाही. हेड उतरवून व्हॉल्व्ह सील बदलले, व्हॉल्व्ह घासून बसवले, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हेडला फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) आणला, नवं पॅकिंग टाकलं. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप याच उघड्या कामात बदलले. उभ्या गाडीचा बेल्ट दिसायला कसाही असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि केलेलं सगळं काम फुकट जातं. आपल्या शहराचं भाग्य हे की सातपूर-अंबडमध्ये लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, पावडर कोटिंग सगळं हाताशी आहे. एका बुशसाठीही (जोडात बसणारी छोटी नळी) माणूस मनापासून काम करून देतो.

आता रबर. यावर मी जास्त बोलणार, कारण गाडी पुन्हा गाडी झाली ती इथे.

रबर वापरानं कमी आणि वयानं जास्त मरतं. लोअर आर्मचे (चाक बॉडीला जोडणारा खालचा दांडा) बुश, स्टॅबिलायझरचे (वळणावर झुकणं कमी करणारा आडवा दांडा) बुश, शॉकअपच्या वरचे माउंट, इंजिन माउंटिंग, सगळं एकदम बदललं. अर्धं जुनं ठेवलं तर नव्यावर जादा ताण येतो आणि आवाज कुठून येतोय ते शोधण्यात जीव जातो. लोअर आर्मला मुद्दाम रबरच ठेवलं. बरेच जण तिथे पॉलियुरेथेन (पीयू, रबरापेक्षा कडक प्लास्टिक) टाकतात. तो बुश चाक वरखाली होताना पिळला जातो, पुढेमागे दबतो. कडक पीयू तिथे बसवलं की रस्त्याचा प्रत्येक दणका थेट बॉडीत येतो. पीयू फक्त स्टॅबिलायझरला. अंबडच्या लेथवाल्याकडून 80 शोअर ए कडकपणाच्या रॉडमधून बुश काढून घेतले. वळणावर गाडी आता झुकत नाही, लगेच बसते. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडून गार हवा आली की हे बुश सकाळी गतिरोधकावर कुरकुरायचे. सिलिकॉन ग्रीस भरलं आणि आवाज बंद झाला.

काकांचा एक नियम इथे सांगितलाच पाहिजे. ‘बोल्ट लाव, पण शेवटचा आवळ नको देऊ. गाडी आधी चाकांवर उतरव.’ कारण साधं आहे. रबराचा बुश आतल्या नळीला चिकटलेला असतो. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली उतरल्यावर तो कायमचा पिळलेल्या स्थितीत राहतो आणि लवकर फाटतो. माझे बुश इतक्या महिन्यांनी जसेच्या तसे आहेत. बाहेर काम करून घेणार असाल तरी समोर उभं राहून एवढं बघाच.

शॉकअप गॅसचे घेतले, स्प्रिंग मूळ उंचीच्याच. रॅली ऑफ महाराष्ट्रमुळे नाशिकमध्ये रॅलीचं वेड जुनं आहे, त्यामुळे गाडी दाखवली की पहिला सल्ला ‘खाली बसव’ हाच मिळतो. सिडकोतले गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचा घोटी रस्ता बघितला तर चाकाला वरखाली व्हायला जागा लागते. ती कापून वेग वाढत नाही. टायर 175/65 आर 14 होते, ते 185/60 आर 14 केले. एकूण व्यास साडेपाच मिलिमीटरनं कमी होतो, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. स्पीडोमीटर बिघडत नाही, कुठे घासतही नाही, पण पावसात पकड चांगलीच सुधारली.

ब्रेकसाठी कुठलंही मोठं किट घातलं नाही. पुढच्या डिस्क नव्या, पॅड चांगल्या प्रतीचे, कॅलिपरचे रबर नवे, मागे नवे लायनर आणि व्हील सिलिंडर, चारही होज नवे. आणि ताजं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश लागतो, पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत उतरलेला चालतो असं प्रमाणच आहे. घाटात ब्रेक तापून ऑइल उकळतं, वाफ धरते आणि पेडल खाली जातं ते बहुतेक यामुळे. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे सुमारे दहा किलोमीटरचा घाट उतरताना, दुसऱ्या गिअरमध्ये, चार माणसं घेऊन, पेडल पहिल्या वळणाला जसं होतं तसंच शेवटच्या वळणालाही राहिलं. मला यापेक्षा मोठा अपग्रेड माहीत नाही.

पेट्रोलच्या होजकडे फार कमी लोक बघतात आणि हे आता धोक्याचं आहे. पंपावर सगळीकडे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. त्या काळच्या गाड्यांचे रबरी होज एवढ्या इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात, आणि इंजेक्शनच्या गाडीत आतल्या पेट्रोलला दाब असतो. एसएई जे30 आर9 दर्जाचा, आतून फ्लुओरोइलॅस्टोमरचा (इथेनॉलला टिकणारं रबर) होज मीटरवर मिळतो. महाग आहे, तरी तोच घ्या. क्लिपही इंजेक्शनच्या, साध्या दातेरी नकोत. पेट्रोल फिल्टर गाडी चालू केल्यावर महिन्याभरातच पुन्हा बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना थर धुऊन पुढे आणतं. मायलेज गावात दहा-अकरा, हायवेला चौदाच्या आसपास. ज्याला हे खटकतं त्यानं 1.2 शोधावी.

कूलिंगची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये झाली. रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट नवा, पंख्याला स्वतंत्र रिले (बॅटरीतून थेट वीज पोचवणारा स्विच), आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्म. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार आतल्या वाटा बुजवतात. रेडिएटरचं झाकणही नवं हवं. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण एक बार जादा दाबाखाली तेच 120 ला उकळतं आणि तो दाब झाकण धरून ठेवतं. समृद्धी महामार्गावरून इगतपुरी ते आमणे भर दुपारी एसी लावून गेले, काटा मधोमध राहिला. येताना जुन्या कसारा घाटानं, ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पंखा लागत-बंद होत राहिला, काटा हलला नाही.

हेडलाइटलाही रिले घातले, बल्ब मूळ वॅटचेच. हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. वीस वर्षांच्या वायरीत ते पडतंच. जास्त वॅटचे बल्ब टाकून वायरी जाळण्यापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला.

इंजिन बदला, सायलेन्सर मोकळा करा असं सांगणारे भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी नूतनीकरण येतं, पर्यावरण कर येतो, गाडी तपासणीला न्यावी लागते. मूळ रूपातली, नीट राखलेली गाडी घेऊन पेठ रोडला आरटीओत निर्धास्त जाता येतं.

अजून काय राहिलंय? मागच्या दरवाजाच्या काचेचं रबर धड मिळत नाही, पावसात थोडं पाणी आत येतं. फियाटनं 2019 मध्ये आपल्याकडची विक्री थांबवली, त्यामुळे आतले प्लास्टिकचे भाग भंगारातूनच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एक चक्कर मारली की बरंच हाती लागतं. फियाटच्याच सिएना आणि पेट्रा या गाड्यांचे सस्पेन्शनचे बरेच भाग चालतात, तेव्हा दुकानात फक्त पॅलिओचं नाव सांगून परत येऊ नका, जुना भाग हातात घेऊन जा. 1.6 चा टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर दिसले तर दोन संच उचला. माझा दुसरा संच सीलबंद कपाटात ठेवलाय.