कॉइलचे पैसे घेतले, कव्हरला हातही लावला नव्हता

माझी बुलेट 2012 ची, वडिलांनी घेतलेली. जूनच्या पावसात पन्हाळ्याहून खाली कोल्हापूरला येताना हेडलाइट मंद झाला, हॉर्न बसला आणि शिवाजी पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली.

घराजवळच्या गॅरेजात ढकलत नेली. मिस्त्रीनं सेल्फ दाबून बघितला. "बॅटरी मेलीय भावा." नवीन टाकली, 2,900 रुपये. चार दिवस गाडी झकास चालली, पाचव्या दिवशी परत तेच. "मग मॅग्नेटची कॉइलच जळलीय." म्हणजे इंजिन चालताना वीज तयार करणारी, मॅग्नेटच्या कव्हरच्या आतली तारांची गुंडाळी. आणखी 3,600. गाडी रात्रभर ठेवून घेतली. बॅटरी बाहेरून चार्ज करून दिली असणार, कारण पुढं आठवडाभर काही त्रास नव्हता. भरलेली बॅटरी काही दिवस गाडी ओढतेच, आणि आपल्याला वाटतं काम झालं. इथंच मी फसलो.

तिसऱ्यांदा बंद पडल्यावर उद्यमनगरातल्या एका वयस्कर वायरमनकडं गेलो. त्यांनी पाना उचलायच्या आधी मीटर काढला. गाडी चालू करून रेस दिल्यावर बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला पाहिजेत, माझ्या गाडीवर 12.2 च्या वर काटा जाईना. मग कॉइलकडून येणाऱ्या तीन वायरी मीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन-दोन करून तपासल्या. तिन्ही जोड्यांत सारखेच व्होल्ट, रेस वाढवली की वाढणारे. कॉइल ठणठणीत.

"नवीनच आहे मामा, परवा टाकलीय," मी म्हणालो.

ते खाली वाकले, बोटानं मॅग्नेटच्या कव्हरचा बोल्ट दाखवला. बोल्टच्या डोक्यात वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल घट्ट बसलेला. पाना लागला असता तर तो निघाला असता. "कव्हरखालचं पॅकिंगपण जुनंच हाय. कव्हर कुणी उघडलंच न्हाई."

मला घाम फुटला. चिठ्ठी काढून बघितली तर कॉइल लिहिलेली, पण कव्हर उघडलं की नवीन घालायच्या पॅकिंगचा पत्ता नाही.

खरा बिघाड कॉइलच्या वायरी आरआर युनिटला (कॉइलची वीज बॅटरीजोगी करून देणारा डबा) जोडणाऱ्या कपलरमध्ये होता. तीनपैकी एक पिन काळी पडलेली, प्लॅस्टिक वितळलेलं. एक वायर तुटली तरी थोडं चार्जिंग होत राहतं, पण हेडलाइट लावला की पुरत नाही. कपलर बदलून दिला, 250 रुपये. मीटरवर 14.1.

गॅरेजात जाऊन जुनी कॉइल मागितली. "भंगारात गेली." पैसे परत द्यायलाही नकार. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पण माझ्या हातात शिक्का नसलेली कच्ची चिठ्ठी. तुमची गाडी चार्जिंगच्या दुरुस्तीसाठी कुठंही द्या, पार्ट आणायच्या आधी रेसवरचे व्होल्ट तुमच्यासमोर मोजायला लावा, जुना पार्ट हातात घ्या आणि पक्कं बिल मागा. कव्हर उघडणार असतील तर आधी बोल्टांचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडं तो आधीचा फोटो नव्हता, म्हणून मिस्त्री शेवटपर्यंत "उघडलं होतं" हेच म्हणत राहिला.