तेलातून काढलेला गिअर गंजत नाही

एका गॅरेजवाल्याने गाडीच्या गिअरबॉक्सच्या कामाचे लावलेले आकडे आधी सांगतो. गिअरचा सेट 14,600. चार बेअरिंग 2,350. रिंगा, सील, सर्क्लिप (भाग जागेवर धरणाऱ्या कड्या) 1,480. तेल 720. मजुरी 4,500. त्यातून ‘जुन्या मालाचे’ 350 वजा. एकूण 23,300 रुपये घेतले माझ्याकडून. दहा हजार यूपीआयने, 13,300 रोख. आणि गाडीत नवीन पडलं ते फक्त तेल. तेही चुकीचं.

गाडी 2006 ची मारुती 800. डिसेंबरमध्ये तिसरा गिअर टाकताना कर्रकर्र करायला लागली, आणि जरा वेग घेतला की खालून घुमल्यासारखा आवाज. सोलापुरातल्या विजापूर वेशीजवळचे आमचे नेहमीचे मिस्त्री मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे महिनाभर घरी बसलेले. भाचीचं लग्न अक्कलकोटला, आठ दिवसांवर आलेलं. शेजाऱ्यांनी एक गॅरेज सांगितलं, तिथे गाडी लावली. "तिथे गेलातच कशाला?" असं घरात आता रोज ऐकतोय, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "मालक, येऊन बघून जावा की. नंतर म्हणाल न विचारता बदललं." जो माणूस स्वतःहून बोलावून दाखवतो तो फसवेल कसा, असंच वाटलं मला.

गोणपाटावर सगळं मांडून ठेवलं होतं. एकीकडे केसिंग, एकीकडे शाफ्ट, हब, फोर्क, गिअर. तिसऱ्या गिअरचे तीन दात तुटलेले, कडा खाल्लेल्या. "ह्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, तुम्हीच सांगा," म्हणाला. मी उकिडवा बसून निवड केली. केसिंग ठेवा, रिव्हर्सचा छोटा गिअर ठेवा, बाकीचं टाका. तो तुटका गिअर हातात घेतला, फिरवून बघितला, खाली ठेवला. हात पुसायला फडकं मागितलं नाही, कारण पुसण्यासारखं काही लागलंच नव्हतं. बोटांना फक्त तांबूस भुगा होता. गंजाचा.

गिअरबॉक्समधला गिअर तेलात फिरतो. काल उघडलेला माल आज चिकट, काळपट असायला हवा. त्याच्या दातांच्या बेचक्यात गंज येईल कुठून? तीन दात तुटलेले असते तर तिसऱ्यात गाडी खडखडली असती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे चार माग आहेत, टॉवेलचे. बावीस वर्षं रोज तेलकट लोखंडाला हात लावतोय. मागाचा गिअर बदलायचा म्हटलं तर जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) आधी जुना दाखव म्हणणारा माणूस मी, आणि त्या दिवशी कोरडा गंजका गिअर हातात धरून मान हलवली. रात्री झोपताना आठवतं ते हेच. भंगारातून आणून ठेवलेला, गिऱ्हाइकाला दाखवायचा माल होता तो. माझा नव्हताच.

बहिणीचे फोनवर फोन येत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. शिवाय तो जे बोलला त्यातलं अर्धं खरं होतं. "ही गाडी 2014 लाच बंद झाली, सुटा माल मिळत नाही, सेटच घ्यावा लागतो." बंद झाली हे खरं. सुटी रिंग आजही मिळते, मी स्वतः नंतर घेतली.

लग्न झालं, गाडी गप्प होती. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला सकाळी गिअर पडायला जड जायला लागला, आणि तुळजापूरच्या घाटात तिसरा टाकला तर पुन्हा तीच कर्र. तोवर आमचे मिस्त्री कामावर आले होते. त्यांनी तेल काढलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "90 च्या जागी 140 नंबर, जास्त घट्ट तेल घातलंय. आवाज दाबायला." मग उघडलं. तिसऱ्या-चौथ्याच्या हबवर आणि त्यावर सरकणाऱ्या स्लीव्हवर पंच ठोकून केलेले समोरासमोर ठिपके. 2018 ला सील गळत होतं तेव्हा त्यांनीच मारलेले, जोडी होती तशीच परत बसावी म्हणून. नव्या सेटवर ते ठिपके कसे आले? माझेच गिअर धुऊन परत बसवले आणि नवे म्हणून पैसे लावले.

मिस्त्रींनी निवड केली ती माझ्यासमोर. गिअर टाकताना वेग जुळवते ती पितळी रिंग, ती झिजली की कर्र होते. ती गिअरच्या निमुळत्या भागावर (कोनवर) दाबायची आणि मधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचा. फट अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग संपली. तिसऱ्याच्या रिंगेत गेज शिरेचना, बाकीच्या तीन चांगल्या. गिअरचे दात एकसारखे चकचकीत, कुठे खड्डा नाही, म्हणून सगळे ठेवले. शाफ्ट, फोर्क ठेवले. बेअरिंग धुऊन हातावर फिरवले, एक खरखरलं, तेवढंच टाकलं. सील आणि सर्क्लिप उघडल्यावर बदलायच्याच असतात, तिथे कंजुषी करू नका. एखादा गिअर खरोखर गेला तर त्याचा जोडीचाही बदलावा लागतो, नाहीतर नवा जुन्यावर ओरडतो. पण तसं म्हणणाऱ्याला दोन्ही दात जुळवून दाखवायला सांगा. रिंग 460, बेअरिंग 1,180, सील-सर्क्लिप 240, 90 नंबरचं तेल 700, मजुरी 3,500. सगळे मिळून 6,080.

तेल तुमच्या डोळ्यांदेखत काढायला लावा. जुना माल घरी आणा, 350 रुपयांसाठी तिथे सोडू नका.

पोलिस चौकीत तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा मला विचारलं, "काय टाकायचं ते तुम्हीच सांगितलं ना?" तिसऱ्यांदा, "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." दुसऱ्याचाच माल दाखवून माझ्या तोंडून होकार काढून घेतला, ही फसवणूक नाही तर काय आहे? 420 च्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 318 आलं आहे, ते मी वाचून गेलो होतो. ऐकून घेतलं नाही. अर्जाची पोच मागितली तर शिक्का आत्ता इथे नाही म्हणाले. दुसऱ्या एका कार्यालयात अर्धा दिवस बाकड्यावर बसवून विचारलं, पक्कं बिल कुठे आहे? अहो, त्याने दिलंच नाही! कॅलेंडरच्या पानामागे "गिअर काम 23,300" एवढंच खरडून दिलं. बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि त्याच कारणासाठी मला परत पाठवतात.

शेवटी ओळखीच्या वकिलांनी वाट दाखवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज लिहून तयार आहे. सोबत ती चिठ्ठी, दहा हजारांची यूपीआय पावती, ठिपक्यांचे फोटो आणि झिजलेली रिंग पिशवीत घातली आहे. रोख दिलेल्या 13,300 चा वेगळा एकही कागद माझ्याकडे नाही.